कूस कोण बदलणार?

जुलै २०२५ मध्ये केंद्रीय मंत्र्यांनी राज्यसभेत एका प्रश्नाला उत्तर दिलं आणि 'आई-वडिलांच्या सेवेसाठी सरकारी कर्मचाऱ्यांना ३० दिवसांची रजा' अशा मथळ्यांनी दोन-तीन दिवस सगळ्यांचे मोबाइल तापले. उत्तर नीट वाचलं तर त्यात नवं काहीच नव्हतं. वर्षाला ३० दिवसांची अर्जित रजा, २० दिवसांची अर्धपगारी, ८ किरकोळ रजा या केंद्रीय कर्मचाऱ्यांना आधीपासूनच मिळतात. त्या कोणत्याही वैयक्तिक कारणासाठी, म्हणजे म्हाताऱ्या आई-वडिलांसाठीही घेता येतात, एवढंच मंत्री म्हणाले होते. पण भांडण पेटायला तेवढं पुरलं. एक बाजू म्हणाली, बघा, आता सेवेसाठीसुद्धा सरकारने रजा द्यावी लागते, संस्कार बुडाले. दुसरी बाजू म्हणाली, आम्हालाही आमची आयुष्यं आहेत, आम्ही काय जन्मभर भांडं द्यायचं आणि उचलायचं? मग श्रावणबाळ आला, पुंडलिक आला, अमेरिकेतली मुलं आली, सून आली (सून येतेच), आणि 'वृद्धाश्रम' हा शब्द शिवीसारखा एकमेकांच्या अंगावर फेकून मंडळी जेवायला गेली.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची घरी शुश्रूषा करणं हे काम आहे. त्याला तास लागतात, कसब लागतं, पाठीची ताकद लागते आणि पैसे लागतात. जबाबदारी कुटुंबाची, याबद्दल वाद नाही. पण ते सगळे श्रम एकट्या कुटुंबाच्या, आणि त्यातही घरातल्या एकाच बाईच्या अंगावर टाकणं त्या बाईवर अन्याय आहेच, शिवाय खाटेवरच्या माणसाच्याही हिताचं नाही. दोन्ही बाजू प्रेम आहे की नाही यावर भांडत बसतात. रात्री दोन वाजता कूस कोण बदलणार, यावर कोणी बोलत नाही.

या कामात नेमकं काय येतं, हे भांडणाऱ्यांपैकी बहुतेकांना ठाऊक नसावं. पडून असलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, दिवसा आणि रात्रीही. नाही बदलली तर माकडहाड, खुबे, टाचा इथली कातडी हाड आणि गादीच्या मध्ये चेपली जाते, रक्त पोहोचत नाही, आधी लाली येते, मग कातडी फाटते आणि बेडसोर आत हाडापर्यंत पोखरत जातो. हवेची गादी घेतली म्हणून सुटका होत नाही. नाकातल्या नळीतून भरवायचं तर डोक्याकडची बाजू उंच करायची आणि भरवून झाल्यावरही अर्धा-पाऊण तास तशीच ठेवायची, नाहीतर अन्न उलटून श्वासनलिकेत जातं आणि न्यूमोनिया होतो. लघवीची पिशवी खाटेच्या कडेला, पण कमरेच्या पातळीखाली टांगायची. गोळ्या कुटून पाण्यातून द्यायच्या, आणि त्यातली कुठली कुटायची नाही हे डॉक्टरांना आधी विचारून ठेवायचं. हे सगळं शिकायला इस्पितळात वेळ किती मिळतो? डिस्चार्जच्या दिवशी नवरा बिलाच्या खिडकीशी उभा, सिस्टर घाईघाईने नळीला सिरिंज लावून दाखवतेय आणि मुलगा ते मोबाइलवर शूट करतोय. सासऱ्यांना घरी आणताना आमचं प्रशिक्षण एवढंच झालं होतं. पुढे एका रात्री नळी तुंबली तेव्हा तो व्हिडिओ आम्ही पुन्हा पुन्हा लावून पाहिला. त्यात तुंबलेल्या नळीबद्दल काही नव्हतं.

नंतर घरी रुग्णाचं करायला बायका पुरवणाऱ्या ब्यूरोकडून मावशी आल्या. त्यांनी पहिल्याच दिवशी सासऱ्यांच्या कमरेखाली घडी घातलेली आडवी चादर सरकवली, दोन टोकं मला धरायला लावली, दोन स्वतः धरली, आणि ज्या देहाला वळवताना आम्ही दोघं नवरा-बायको पाठ धरून बसायचो तो एकही हिसका न बसता कुशीवर गेला. मग त्यांनी हाताची पालथी बाजू टाचेखालून फिरवली. 'इथं गरम लागतंय, उद्यापास्नं पायाखाली उशी घ्या, टाच अधांतरी राहू द्या,' म्हणाल्या. आमच्या डोळ्यांना तिथे काहीही दिसत नव्हतं. सासऱ्यांबद्दल आमची माया कमी नव्हती. आम्हाला येत नव्हतं, एवढंच.

यावर ठरलेलं उत्तर येतं: पूर्वी हे सगळं घरातच होत नव्हतं का? होत होतं. पण पूर्वी काय होत होतं आणि कोण करत होतं, हेही मग पाहायला हवं. स्वातंत्र्याच्या वेळी भारतातलं सरासरी आयुर्मान बत्तीसच्या आसपास होतं, आज ते सत्तरीला टेकलंय. त्या जुन्या आकड्यात बालमृत्यूंचा वाटा मोठा होता, हे खरं. तरीही अर्धांगवायू झालेला माणूस तेव्हा वर्षानुवर्षं अंथरुणावर राहत नसे. प्रतिजैविकं हाताशी नसताना पहिला न्यूमोनिया किंवा चिघळलेली पहिली जखम त्याला घेऊन जात असे. आजीने आजोबांचं केलं ते बहुधा काही आठवड्यांचं असे. आज तेच आजारपण पाच-सात वर्षं चालू शकतं, कारण वैद्यक सुधारलं. माणूस जगवायची विद्या आपण मिळवली. तो जगत असताना त्याचं रोजचं करायचं कुणी, याची व्यवस्था मात्र जुनीच ठेवली.

आणि करत कोण होतं? पांढरपेशा मोठ्या घरात एखादी आलवणातली आत्या किंवा काकू असे. दहाव्या-बाराव्या वर्षी विधवा झालेली, केस उतरवलेली, सणासुदीला समोर यायची बंदी असलेली. दिराचं आजारपण, जावेची बाळंतपणं, सासऱ्यांचं अंथरूण हे सगळं तिच्याकडे. तिला पगार नव्हता आणि नाही म्हणायची सोयही नव्हती. ज्या एकत्र कुटुंबाच्या आठवणीने आपले डोळे पाणावतात, त्यातली शुश्रूषा मोठ्या प्रमाणात या बाईच्या फुकट श्रमांवर उभी होती. कष्टकऱ्यांच्या घरात तीही चैन नसे; म्हाताऱ्याच्या उशाशी तांब्या आणि भाकरी ठेवून सगळी शेतावर जात. ती हेळसांड नव्हती, हातावरचं पोट होतं. १९०९ मध्ये पुण्यात रमाबाई रानड्यांनी सेवासदन उभं केलं आणि तिथल्या स्त्रिया ससून इस्पितळात परिचारिकेचं शिक्षण घेऊ लागल्या, तेव्हा सनातन्यांना मोठा प्रश्न पडला: घरंदाज बाईने परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा? घरात तेच हात तेच काम फुकट करत होते तेव्हा कुणाला प्रश्न पडला नव्हता. त्या कामाची परीक्षा घेतली गेली, त्याला पगार लागला, मगच तो पडला.

आज ती आत्या नाही, आणि नाही हे उत्तम. पण तिच्या जागी दुसरं कोणी आलंय का? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्राचा जननदर एका बाईमागे सरासरी १.७ मुलं असा निघाला. म्हणजे उद्याच्या नवरा-बायकोच्या डोक्यावर चार म्हातारी माणसं आणि हात देणारी भावंडं जवळपास शून्य. २०२४ च्या केंद्र सरकारच्या वेळ-वापर पाहणीत १५ ते ५९ वयोगटातल्या ४१ टक्के स्त्रिया घरातल्यांची काळजी घेण्याचं काम करताना दिसल्या, पुरुष २१.४ टक्के, करणाऱ्या बाईचा त्यात दिवसाला १४० मिनिटं वेळ जातो, पुरुषाचा ७४ मिनिटं. यात मुलंबाळं सांभाळणंही धरलंय, तरी पारडं कुठे झुकतं ते दिसतंच. पुंडलिकाने देवाला विटेवर थांबवलं, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकतो. देव थांबला हो. साहेब थांबत नाही.

आता सेवेचा सर्वात मोठा दाखला घेऊ, आणि तो मुंबईतलाच आहे. केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ ला हल्ला झाला. १८ मे २०१५ ला त्यांचं निधन झालं. मधली जवळपास ४२ वर्षं त्या अंथरुणावर होत्या आणि त्यांचं सगळं केईएमच्या परिचारिकांनी केलं. एक पिढी निवृत्त झाली, दुसरी आली, तिने त्यांना पाहिलंही नव्हतं खाटेबाहेर. दयामरणाच्या याचिकेवर २०११ मध्ये निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने याची आवर्जून नोंद घेतली की इतक्या वर्षांत त्यांना बेडसोर झाला नाही. हे उदाहरण नेहमी 'बघा, मनात असलं की सगळं होतं' यासाठी दिलं जातं. मला त्यातून उलटं दिसतं. त्या परिचारिकांच्या मनात होतंच, पण त्यांना तीन पाळ्या होत्या. एकीची ड्यूटी संपली की दुसरी येत होती. साप्ताहिक सुट्टी होती, वर मेट्रन होती, शिक्षण होतं, महिन्याला पगार होता. कुणा एकीला ४२ वर्षं न झोपता हे करायला सांगितलं असतं तर ती किती टिकली असती? त्यांची माया इतकी वर्षं टिकली ती ड्यूटीच्या तक्त्याच्या आधाराने.

कायदा या प्रश्नाकडे कसा पाहतो? मुलं आई-वडिलांना खरोखर टाकतात, हे मान्य केलंच पाहिजे. बँक खात्यावर सही घेऊन घराबाहेर काढल्याच्या कहाण्या काल्पनिक नाहीत, आणि त्यासाठी दंडुका हवा. २००७ चा ज्येष्ठ नागरिक कायदा त्यासाठीच आला. तो महिना दहा हजारांपर्यंत निर्वाह देववू शकतो, टाकून देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद सांगतो. आसामने २०१७ मध्ये अशा सरकारी कर्मचाऱ्यांच्या पगारातून १० टक्के कापायचा कायदा केला, आणि २०२० मध्ये लातूर जिल्हा परिषदेने थेट ३० टक्के कपातीचा निर्णय घेतला. टाळ्या पडल्या. पण या सगळ्या उपायांना कळतं ते अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधाचा खर्च. जो मुलगा आईला घरात ठेवून आहे, पगार आणून देतो आहे, आणि तरीही आईची पाठ सडते आहे, त्याचं काय करायचं हे या कायद्यांना माहीत नाही. त्याच्या पगारातून तीस टक्के कापले तर रात्रीची बाई तेवढी लवकर बंद होईल. डिसेंबर २०१९ मध्ये आलेल्या दुरुस्ती विधेयकात घरपोच सेवा देणाऱ्या संस्थांचं नियमन करायची एक चांगली तरतूद होती. चर्चा झाली ती जावई-सुनेलाही 'अपत्य' म्हणायचं का यावर, आणि विधेयक लोकसभेबरोबर मुदत संपून गेलं.

विरोधकांचा सर्वात वजनदार मुद्दा मात्र वेगळा आहे. ते म्हणतात, घरासारखं घर कुठलं? ओळखीचे आवाज, देवघरातली घंटा, खिडकीतलं झाड, नातवाचा दंगा. इस्पितळात किंवा संस्थेत माणूस आधी मनाने मरतो. आणि ब्यूरोची माणसं? कुणी औषधाचा डोस चुकवतो, कुणी मोबाइल बघत बसतो, कुणी चिमटे काढतो. दागिने जातात ते वेगळंच. हे सगळं खरं आहे, शब्द न् शब्द खरा आहे. आमच्याकडेही सगळ्याच मावशी पहिल्या मावशींसारख्या नव्हत्या. एकींनी तर नळी पाहिल्याबरोबर पर्स उचलली. पण यातून निष्कर्ष काय निघतो? घरात राहणं चांगलं असेल तर मदत घरात आणायला हवी. आणि येणारी माणसं बेभरवशाची असतील तर विचारायला हवं की ती तशी का आहेत.

ब्यूरो चालवायला दुकानाइतकीही चौकशी होत नाही. चार दिवसांपूर्वी धुणीभांडी करणारी बाई आज 'पेशंट केअर' म्हणून बारा तासांच्या ड्यूटीवर उभी राहते. शहरात अशा एका ड्यूटीचा महिन्याचा हिशेब सहज वीस हजारांपुढे जातो. त्यातलं ब्यूरो किती ठेवतो हे ना घरच्यांना कळतं ना तिला धड सांगितलं जातं. तिला सुट्टी नाही, भविष्य निर्वाह निधी नाही, पाठ गेली तर उपचार नाही. आणि तिच्या स्वतःच्या घरी अंथरुणावर कुणी असेल तर त्याची कूस तिची शाळेत जाणारी पोरगी बदलते. अशा बाईकडून आपण श्रावणबाळाची निष्ठा मागतो. महाराष्ट्राला याचं उत्तर परदेशात शोधायची गरज नाही. १९६९ मध्ये आपण माथाडी कायदा केला. पाठीवर पोती वाहणारा हमाल, ज्याला ना ठरलेला मालक ना ठरलेली मजुरी, त्याची मंडळात नोंद झाली, मालकांकडून मजुरीवर लेव्ही, म्हणजे ठरावीक वर्गणी, घेतली गेली, त्यातून भविष्य निर्वाह निधी आणि दवाखाना उभा राहिला. तेव्हाही म्हणणारे म्हणालेच होते की हमालाला कसली नोंदणी आणि कसला फंड, धंदा बुडेल. त्या मंडळांत पुढे काय काय शिरलं ते आपल्याला माहीत आहे, पण मूळ कल्पना खणखणीत होती. साखरेचं पोतं उचलणाऱ्याला मंडळ असू शकतं, तर सत्तर किलोचा जिवंत माणूस उचलणारीला का नको? नोंदणी, तीन महिन्यांचं शिक्षण, ओळखपत्र, तक्रारीची जागा. यातलं काहीही चंद्रावर जाण्याइतकं अवघड नाही.

मग भीती पुढे येते: सरकारने सोय केली की लोक म्हातारी माणसं सरकारवर टाकून मोकळे होतील. भीती समजण्यासारखी आहे, पण अनुभव तसा नाही. जर्मनीने १९९५ पासून शुश्रूषेचा वेगळा विमा सक्तीचा केला. त्यातून घरी येणाऱ्या परिचारिकेचे पैसे मिळतात, किंवा घरच्यांनीच केलं तर रोख भत्ता मिळतो, आणि करणाऱ्याच्या पेन्शनमध्येही भर पडते. तीन दशकांनंतर तिथे परावलंबी झालेल्या पाच माणसांपैकी चाराहून जास्त माणसं घरीच आहेत. जपानमध्ये हे काम थोरल्या मुलाच्या बायकोचं, असं आपल्याइतकंच पक्कं ठरलेलं होतं. तिथे २००० पासून चाळिशीनंतर प्रत्येकाकडून हप्ता घेऊन सेवा दिली जाते, आणि नोकरदाराला घरच्या प्रत्येक परावलंबी माणसामागे ९३ दिवसांची रजा आहे. श्रीमंत देश आहेत, सोडा. केरळ तर आपल्याच देशात आहे. कोझिकोडला १९९३ मध्ये काही डॉक्टरांनी आणि स्वयंसेवकांनी वेदनामुक्तीचं काम सुरू केलं, ते शेजारपाजारच्या लोकांनी उचललं, २००८ मध्ये राज्याने धोरण केलं, आणि आज तिथली ग्रामपंचायत परिचारिकेला घरोघर पाठवते. ती जखम बांधते, कॅथेटर बदलते आणि घरच्या बाईला शिकवतेही. केरळ स्वर्ग नाही: अंथरुणावरच्या रुग्णाची काळजी घेणाऱ्याला तिथे महिना ६०० रुपये मिळतात, आणि तेही थकतात. पण काळजी घेणारी व्यक्ती सरकारी यादीत एक माणूस म्हणून आहे. आपल्याकडे काय आहे? श्रावणबाळ योजनेत वर्षाला २१ हजारांच्या आतल्या घरातल्या पासष्टीपुढच्या म्हाताऱ्याला महिना १५०० रुपये मिळतात. श्रावणबाळाला काही नाही.

राहता राहिला पैसा. तिजोरीत खडखडाट आहे, आशाताईंचं मानधन वेळेवर देता येत नाही, तिथे ही नवी चैन कशाला, असं अर्थखात्यातला कुणीही विचारेल. (आणि कृपा करून हेही काम आशाताईंच्याच गळ्यात मारू नका.) पण पैसा आत्ताही जातोच आहे, फक्त चुकीच्या दारातून. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या प्रत्येकाला आयुष्मान भारतमध्ये पाच लाखांचं संरक्षण आहे, पण ते इस्पितळात दाखल झाल्यावर. घरी बेडसोर होऊ नये म्हणून आलेल्या परिचारिकेचे पैसे ती योजना देत नाही; बेडसोर चिघळून रक्तात जंतू गेले की अतिदक्षता विभागाचे देते. केंद्राच्या महिला कर्मचारीला मुलांसाठी नोकरीभरात ७३० दिवसांची बालसंगोपन रजा आहे, आणि ती असायलाच हवी. आई-वडिलांसाठी तशी वेगळी रजा एक दिवसाचीही नाही. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात दोन खाटा अशा ठेवता येतील की वर्षातून आठ-दहा दिवस घरचा रुग्ण तिथे ठेवून करणाऱ्या बाईला भाचीच्या लग्नाला जाता येईल, किंवा नुसतं सलग झोपता येईल. त्यासाठी नवी इमारत लागत नाही.

घरोघर पोहोचणं यंत्रणेला झेपणार नाही, हा शेवटचा आक्षेप मी ऐकलाय, आणि तो मला सर्वात कच्चा वाटतो. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत ८५ वर्षांपुढच्या आणि ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्या मतदारांना घरून मत देता आलं. आधी अर्ज भरून घेतले, याद्या झाल्या, वेळ कळवली गेली, आणि ठरल्या दिवशी अधिकारी मतपत्रिका घेऊन खाटेपाशी आले, गुप्तता राखायला आडोसा उभा केला, चित्रीकरण केलं. म्हणजे कुठल्या गल्लीत, कितव्या मजल्यावर कोण उठू शकत नाही, हे सरकारला शोधता येतं आणि तिथपर्यंत जिना चढूनही जाता येतं. मग त्याच पत्त्यावर महिन्यातून एकदा परिचारिका का जाऊ शकत नाही?